डेलिगेट म्हणजे कोण?

मंडळी, आज आम्ही एकच शब्द घेतो: डेलिगेट. मूळ लॅटिन. अर्थ, काम सोपवून पाठवलेला माणूस. म्हणजे त्याच्यामागे पाठवणारे असायलाच हवेत.

१८९७ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन अमरावतीला भरलं. अध्यक्ष शंकरन नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. तिथले डेलिगेट जाहीर सभांनी नाहीतर संस्थांनी निवडून पाठवलेले. बाकीचे नुसते प्रेक्षक.

पन्नास वर्षांनी, ८ ऑगस्ट १९४७ ला, अकोला करार झाला. संयुक्त महाराष्ट्रात महाविदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्र असे दोन उपप्रांत, दोघांची विधिमंडळं वेगळी, असं ठरलं. शंकरराव देव, ब्रिजलाल बियाणी अशी मोठी माणसं त्यात होती. लोकांचा कौल मात्र त्यावर घेतला नव्हता. १९६० ला महाराष्ट्र झाला तो एकाच विधिमंडळाचा.

मराठीत आपण दोघांनाही प्रतिनिधी म्हणतो. हा शब्द ‘दुसऱ्याच्या जागी उभा’ एवढंच सांगतो. पाठवलं कोणी, ते सांगत नाही. म्हणून चर्चेला बसलेल्याला वऱ्हाडीत आधी विचारावं: बाप्पा, तुले धाडलं कोनं?