साडेसात मिलीलिटर रक्तातल्या पाच पेशी

कॅन्सरची गाठ काढून टाकली तरी काही वर्षांनी तो हाडात नाहीतर यकृतात कसा उगवतो? या प्रश्नाचा एक धागा थेट १८६९ सालात जातो. मेलबर्नच्या थॉमस ॲशवर्थ या डॉक्टरने कॅन्सरने गेलेल्या एका रुग्णाच्या पायाच्या शिरेतलं रक्त मायक्रोस्कोपखाली पाहिलं. त्यात चक्क गाठीतल्यासारख्याच पेशी! म्हणजे त्या रक्तातूनच प्रवास करत असणार.

पुढे १८८९ मध्ये लंडनच्या स्टीफन पॅजेटने स्तनाच्या कॅन्सरच्या ७३५ केसेस अभ्यासून सांगितलं, की बी चहूकडे पडतं, पण रुजतं ते मानवणाऱ्या जमिनीतच.

पण जिवंत माणसात हे बी शोधायचं कसं? साडेसात मिलीलिटर रक्तात नुसत्या तांबड्या पेशीच तीन हजार कोटींच्या वर. एवढ्या लॉगमधून पाच ओळी ग्रेप करायच्या! उपाय निघाला तो असा: लोखंडाच्या अतिसूक्ष्म कणांना अँटिबॉडी लावायची, ती कॅन्सरच्या पेशीला चिकटली की चुंबकाने ओढून घ्यायचं. २००४ मध्ये अमेरिकेत 'सेलसर्च' या टेस्टला मान्यता मिळाली. पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाच किंवा जास्त पेशी दिसल्या, तर धोका जास्त.

सुटला प्रश्न? छे! केमो सुरू करूनही ज्यांच्या पेशी कमी झाल्या नाहीत, त्या बायकांचं औषध एका ट्रायलमध्ये लगेच बदलून पाहिलं. २०१४ मध्ये निकाल आला: आयुष्य वाढलं नाही. अलर्ट वाजला म्हणून बग फिक्स होत नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. फरक एवढाच, की इथे सर्व्हरच्या जागी कुणाची तरी आई असते. म्हणूनच आता पेशी मोजून न थांबता, त्यांच्या जनुकांत डोकावून कुठलं औषध लागू पडेल ते शोधणं चाललंय...