औषधी पादस्नान

औषधी पादस्नान म्हणजे थकलेले किंवा ठणकणारे पाय मीठ, वनस्पतींचा काढा अथवा एखादे औषध मिसळलेल्या पाण्यात काही वेळ बुडवून ठेवणे. पाणी सामान्यतः ३७ ते ४० अंश सेल्सिअस इतके कोमट असते. घोटे बुडतील एवढे घंगाळ किंवा बादली त्यासाठी पुरते. पाय १० ते २० मिनिटे पाण्यात ठेवतात.

इतिहास

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पाय स्वच्छ ठेवणे आणि पायांना तेल चोळणे (पादाभ्यंग) यांचा दिनचर्येत समावेश आहे. युरोपात बव्हेरियातील धर्मगुरू सेबास्टियन क्नाइप (१८२१–१८९७) यांनी जलोपचार लोकप्रिय केले. राख व मीठ घातलेल्या पाण्यातील पादस्नान त्यांच्या उपचारांत होते. महात्मा गांधी निसर्गोपचाराचे पुरस्कर्ते होते. त्यांच्या प्रेरणेने १९४६ मध्ये पुण्याजवळ उरुळीकांचन येथे निसर्गोपचार आश्रम स्थापन झाला. निसर्गोपचारातील उष्ण पादस्नानात रुग्ण पाय गरम पाण्यात सोडून स्टुलावर बसतो, अंगाभोवती घोंगडी लपेटतात आणि डोक्यावर ओला गार कपडा ठेवतात.

द्रव्ये

इंग्लंडमधील एप्सम गावाच्या नावाने ओळखले जाणारे मीठ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. त्यातील मॅग्नेशियम त्वचेतून पुरेसे शोषले जाते, याला भक्कम पुरावा नाही. मिळणारा आराम बहुतांशी पाण्याच्या उबेचा असावा. उबेने रक्तवाहिन्या प्रसरण पावतात आणि स्नायू सैलावतात. घामेजणाऱ्या पायांसाठी तुरटी वापरतात, कारण ती स्तंभक आहे. कडुनिंबाच्या पाल्याचा काढा घरोघरी परिचित आहे. पोटॅशियम परमँगनेट मात्र घरगुती प्रयोगाची वस्तू नव्हे. पाझरणाऱ्या इसबासाठी डॉक्टर त्याचे सुमारे १:१०,००० प्रमाणाचे, फिकट गुलाबी द्रावण सुचवतात. न विरघळलेल्या स्फटिकाने त्वचा भाजते आणि नखे तपकिरी होतात.

मधुमेह आणि पादस्नान

दीर्घकाळच्या मधुमेहात पायांच्या संवेदना मंदावतात. अशा व्यक्तीला कढत पाणीही सोसवेल असे वाटते आणि पाय भाजल्याचे फोड आल्यावरच कळते. रक्तपुरवठा कमी असल्यास ती जखम चिघळते आणि क्वचित पाय कापण्याची वेळ येते. आजीआजोबांसाठी प्रेमाने गरम पाणी काढून देणाऱ्यांना ही गोष्ट सहसा ठाऊक नसते. म्हणून मधुमेहींनी पाय भिजत ठेवू नयेत, असा सल्ला दिला जातो. पाय रोज कोमट पाण्याने धुवावेत, पाण्याची ऊब पायाने नव्हे तर कोपराने पाहावी आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. ओलाव्याने तेथे चिखल्या होतात. पाण्यात फार वेळ भिजल्याने त्वचा मऊ पडून सहज फाटते, हे मधुमेह नसलेल्यांनाही लागू आहे.

उघडी जखम, फुटलेला फोड किंवा पायातील रक्तवाहिन्यांचा विकार असल्यास वैद्यकीय सल्ल्याशिवाय पादस्नान करू नये. आळंदी किंवा देहूहून पंढरपूरला पायी जाणाऱ्या वारकऱ्यांच्या पायांना असे फोड नेहमी येतात. तेव्हा पाय भिजवण्यापेक्षा फोड न फोडता स्वच्छ, कोरड्या पट्टीने झाकणे योग्य ठरते.