पेशी

सजीवांच्या शरीररचनेचे आणि जीवनक्रियांचे सर्वांत लहान एकक. जीवाणू, अमीबा, यीस्ट यांचे सगळे शरीर एकाच पेशीचे असते; माणसाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी असतात. पेशींचे माप मायक्रोमीटरमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात सांगतात. माणसाची तांबडी रक्तपेशी ७ ते ८ मायक्रोमीटर रुंद असते. याउलट, कमरेपासून पावलापर्यंत जाणारा चेतापेशीचा तंतू सुमारे एक मीटर लांब भरतो.

रॉबर्ट हूक यांनी बुचाच्या पातळ कापात पोळ्यासारखे कप्पे पाहिले आणि १६६५ मध्ये ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात त्यांचे वर्णन केले. ते कप्पे मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भित्ती होत्या. जिवंत एकपेशीय जीव पाहिले ते डेल्फ्टचे कापडव्यापारी लेव्हेनहूक यांनी, स्वतः घासलेल्या भिंगांतून. वनस्पती (श्लायडेन, १८३८) आणि प्राणी (श्वान, १८३९) पेशींचेच बनलेले असतात, हा पेशी सिद्धांत पुढे दीडेकशे वर्षांनी आला. नवी पेशी कशी निर्माण होते याविषयी मात्र दोघांचाही अंदाज चुकला होता. ती आधीच्या पेशीपासूनच होते, हे फिरखो यांनी १८५५ मध्ये मांडले. रेमाक यांचे निरीक्षण त्याआधीचे असले तरी श्रेय फिरखो यांच्याच पदरात पडले.

प्रत्येक पेशीला प्रद्रव्यपटल असते. मेद व प्रथिनांचे हे पटल अवघे ७ ते १० नॅनोमीटर जाड असते आणि काय आत घ्यायचे, काय बाहेर ठेवायचे हे त्यावर ठरते. पाणी त्यातून सहज जाते, मीठ जात नाही. म्हणून लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की पाणी सुटते. कमी क्षारांकडून जास्त क्षारांकडे पटलातून होणाऱ्या पाण्याच्या या प्रवासाला परासरण म्हणतात. वनस्पतिपेशीला पटलाबाहेर सेल्युलोजची पेशीभित्तिका असते. तिच्यामुळे पाणी शोषूनही वनस्पतिपेशी फुटत नाही. साध्या पाण्यात टाकलेली तांबडी रक्तपेशी मात्र फुगून फुटते.

पटलाच्या आत पेशीद्रव्य आणि त्यात अंगके असतात. केंद्रकातील गुणसूत्रांमध्ये डीएनए असतो. माणसाच्या बहुतेक पेशींत ४६ गुणसूत्रे असतात. डीएनएमधील माहितीनुसार रायबोझोमवर प्रथिने तयार होतात. त्यांपैकी अनेक आंतर्द्रव्यजालिकेतून गॉल्जी संकुलाकडे आणि तेथून योग्य ठिकाणी पोहोचतात. लयकारिका टाकाऊ घटकांचे पचन करतात. तंतुकणिका अन्नातील ऊर्जा एटीपी या रेणूच्या रूपात साठवतात, तर हरितलवकांत प्रकाशसंश्लेषण होते. या दोन अंगकांना स्वतःचा डीएनए असतो. ती मुळात स्वतंत्र जीवाणू होती आणि मोठ्या पेशीच्या आत शिरून तेथेच स्थिरावली, हे मत लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये आग्रहाने मांडले. सुरुवातीला टाळले गेलेले ते मत आज सर्वमान्य आहे.

जीवाणूंच्या पेशीत डीएनए पटलाने वेढलेला नसतो, म्हणून त्यांना आदिकेंद्रकी म्हणतात. वनस्पती, प्राणी, कवके यांच्या पेशी दृश्यकेंद्रकी असतात.

शाळेच्या प्रयोगशाळेत कांद्याच्या आतील पापुद्र्याचा तुकडा आयोडीनच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. एकाला एक लागून असलेल्या लांबट चौकोनी पेशी आणि बहुतेकींत कडेला सरकलेले पिवळसर तपकिरी केंद्रक दिसते. मध्यभागी मोठी रिक्तिका असल्यामुळे केंद्रक असे कडेला जाते. पानांप्रमाणे हरितलवके मात्र येथे सापडत नाहीत, कारण कांद्याचा गड्डा जमिनीत वाढतो. पुस्तकातील आकृतीत सगळी अंगके एकाच वेळी दिसतात, तशी पेशी भिंगाखाली कधीच दिसत नाही. आकृती पाठ करण्याआधी एकदा पापुद्रा पाहिलेला बरा.

पेशींची संख्या विभाजनाने वाढते. सूत्री विभाजनात एका पेशीपासून तितकीच गुणसूत्रे असलेल्या दोन पेशी होतात. वाढ आणि जखम भरून येणे या विभाजनावर अवलंबून असते. अर्धगुणसूत्री विभाजनाने युग्मके तयार होतात आणि त्यांत गुणसूत्रे निम्मी, माणसात २३, असतात. विभाजनावरील नियंत्रण सुटले की कर्करोग होतो.

सगळ्याच पेशी विभागत नाहीत. माणसाची परिपक्व तांबडी रक्तपेशी हिमोग्लोबिनला जागा करून देताना केंद्रकही गमावते, त्यामुळे ती विभागू शकत नाही. सुमारे १२० दिवसांनी ती नष्ट होते आणि तिची जागा अस्थिमज्जेत तयार झालेली नवी पेशी घेते.