डोक्यातला गुंता

‘डोक्यात नुसता गुंता झालाय’ असे आपण सहज बोलून जातो. हा गुंता खरोखर पाहून त्याचे वर्णन केले ते अलॉईस आल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी. १९०१ मध्ये फ्रँकफुर्टच्या इस्पितळात ५१ वर्षांची एक बाई दाखल झाली. तिला साध्यासाध्या गोष्टी आठवत नव्हत्या. १९०६ मध्ये ती वारली. आल्झायमर यांनी तिच्या मेंदूचे काप चांदीच्या क्षारांनी रंगवले, तेव्हा पेशींमध्ये धाग्यांच्या गुंतवळी दिसल्या. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ट्यूबिंगेनच्या सभेत त्यांनी हे सांगितले.

ते धागे कशाचे, हे कळायला पुढे ८० वर्षे लागली. १९७५ मध्ये प्रिन्स्टनला मार्क किर्शनर यांच्या प्रयोगशाळेत डुकराच्या मेंदूतून ‘टाऊ’ नावाचे प्रथिन वेगळे केले गेले. चेतापेशीत मालाची ने-आण ज्या सूक्ष्मनलिकांवरून होते, त्यांना आधार देणे हे त्याचे काम. आल्झायमरना दिसलेले धागे याच टाऊचे, हे १९८६ च्या सुमारास उघड झाले.

आता थोडे जनुकांविषयी. मी मराठी माध्यमातला बी.ए., विज्ञान हा माझा प्रांत नव्हे. पण गोष्ट समजायला सोपी आहे. १९४१ मध्ये बीडल आणि टेटम यांनी एक जनुक म्हणजे एक विकर असे सूत्र मांडले. १९७७ मध्ये फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांना आढळले की जनुकाचा मजकूर सलग नसतो. त्याची नक्कल झाली की पेशी मधले तुकडे काढून टाकते आणि उरलेले सांधते. या शोधाला १९९३ चे नोबेल मिळाले. आमच्या आलापल्लीच्या भाषेत सांगायचे तर सागाचे एकच लाकूड. सुतार कुठला तुकडा ठेवतो आणि कुठला वगळतो, त्यावर चौकट होणार की पाट, हे ठरते.

टाऊचेही तसेच. त्याचे जनुक एकच, पण दुसरा, तिसरा आणि दहावा हे तुकडे घेतले किंवा वगळले जातात. तिसरा तुकडा दुसऱ्याशिवाय येत नाही, म्हणून त्या दोघांच्या तीन तऱ्हा; दहाव्याच्या दोन. तीन दुणे सहा! माणसाच्या मेंदूतली ही सहा रूपे केंब्रिजच्या मिशेल गोएडर्ट यांनी १९८९ मध्ये दाखवली. गर्भाच्या मेंदूत मात्र सर्वांत आखूड असे एकच रूप असते.

ही भावंडे पेशीत एकाच जागी राहत नाहीत. टाऊ मुख्यतः लांबलचक अक्षतंतूत असतो, असे मानले जाई. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियात लिऊ आणि ग्योट्झ यांनी उंदरांच्या मेंदूत एकेक रूप वेगळे तपासले. दुसरा आणि तिसरा हे दोन्ही तुकडे नसलेले रूप, तसेच दोन्ही असलेले रूप, पेशीच्या शरीरात आणि अक्षतंतूत सापडले. फक्त दुसरा तुकडा असलेले रूप मात्र केंद्रकात आणि वृक्षिकांतही होते, अक्षतंतूत नव्हते. घर एकच, पण प्रत्येकाची खोली वेगळी!

दहावा तुकडा असलेली आणि नसलेली रूपे प्रौढ मेंदूत साधारण सारखी असतात. हा तोल बिघडला तरी पुरते. काही घराण्यांत प्रथिनाची जडण तीच राहूनही केवळ या तुकड्याचे प्रमाण वाढल्याने स्मृतिभ्रंश होतो, हे १९९८ मध्ये सिद्ध झाले. आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही सुभाषचंद्रबोस चिन्नतंबी यांच्या गटाने टाऊच्या गुठळ्या कशा होतात यावर काम केले आहे.

हा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो तो एका कारणासाठी. आमच्या भागात अजूनही अशा म्हाताऱ्या माणसाला ‘चळ लागला’ म्हणतात, कुणी बाहेरची बाधाही समजतात. घरचे चिडतात, कारण त्यांना तो हट्टीपणा वाटतो. पण सांधकामातली चूक कोणाच्या स्वभावाचा दोष नसते. रागावल्याने गुंता सुटत नाही, आणि तो पुरता सोडवणारे औषधही अजून हाती नाही.

तोवर आपल्याला एक करता येईल. आजोबांनी तोच प्रश्न दहाव्यांदा विचारला, तर पहिल्यांदा विचारल्यासारखे उत्तर द्यावे.