सेनेगल नदीचा पूर आणि तीन राज्यांचा करार

गिनीतील फुता जालोन या डोंगराळ प्रदेशात उगम पावणारी बाफिंग नदी मालीतील बाफुलाबे येथे बाकोय नदीस मिळते, आणि तेथून पुढे या प्रवाहास सेनेगल हे नाव प्राप्त होते. पावसाळ्यानंतर तिचे पाणी मधल्या खोऱ्यातील सखल भागात पसरत असे. या पूरभूमीस तेथील लोक ‘वालो’ म्हणतात. पूर असताना तेथे माशांची वीण व्हावी, तो ओसरल्यावर ओल्या मातीत ज्वारी पेरली जावी, आणि पीक निघाल्यावर ताटांवर गुरे चरावीत, असा क्रम होता. एकाच भूमीवर कोळी, शेतकरी व गुराखी यांचे हक्क ऋतुमानाप्रमाणे पाळीपाळीने चालत.

फ्रेंच राजवटीने १९३८ साली या खोऱ्याच्या विकासासाठी स्वतंत्र यंत्रणा स्थापन केली. स्वातंत्र्यानंतर १९६३ मध्ये गिनी, माली, मॉरिटानिया व सेनेगल या चार देशांनी आंतरराज्य समिती निर्माण केली. १९६८ मध्ये तिचे रूपांतर अधिक व्यापक संघटनेत झाले. तथापि गिनी व सेनेगल यांच्यातील राजकीय वितुष्टामुळे ती टिकू शकली नाही. ११ मार्च १९७२ रोजी उरलेल्या तिघांनी ‘सेनेगल नदी विकास संघटना’ स्थापिली. ज्या देशात नदीचा उगम तोच बाहेर राहिला. गिनीचा प्रवेश पुढे २००६ साली झाला.

या संघटनेचे कायदेविषयक कार्य असामान्य म्हणावे लागेल. १९७८ च्या करारान्वये धरणे ही सदस्य राष्ट्रांची संयुक्त व अविभाज्य मालमत्ता ठरली. मनांताली धरण सर्वस्वी मालीच्या हद्दीत आहे. परंतु त्याची मालकी तिघांची. खर्चाचा भार लाभाच्या अपेक्षित प्रमाणात वाटण्यात आला: सेनेगल ४२.१, माली ३५.३ व मॉरिटानिया २२.६ टक्के. आंतरराष्ट्रीय नद्यांच्या इतिहासात अशी सहमालकी विरळाच.

लाभ मोजताना मात्र सिंचन, वीज व जलवाहतूक ही तीनच खाती मांडली गेली. ३,७५,००० हेक्टर जमीन पाटाच्या पाण्याखाली आणण्याचा संकल्प होता. वालोला या हिशोबात खाते नव्हते. धरणातून सोडावयाचा कृत्रिम पूर केवळ संक्रमणकाळापुरता योजिला होता. यास एक कारण होते, आणि ते उपेक्षणीय नव्हे. साहेलमधील अवर्षणाने त्या वर्षांत पूरच हुलकावण्या देत होता, आणि बेभरवशाच्या पुरावर राष्ट्राची अन्नव्यवस्था उभारणे कोणत्याही मुत्सद्द्यास धोक्याचे वाटले असते. तथापि १९८० नंतर मायकेल होरोविट्झ प्रभृती मानवशास्त्रज्ञांनी मधल्या खोऱ्यात जो अभ्यास केला, त्यात ज्वारी, चराई व मासेमारी एकत्र धरल्यास पूरभूमीचे उत्पन्न, गुंतविलेल्या श्रमाच्या मानाने, तुच्छ लेखण्याजोगे नाही असे आढळून आले.

१९८६ मध्ये मुखाजवळचे दियामा व १९८८ मध्ये मनांताली धरण पूर्ण झाले. दियामाने खारे पाणी अडविले. पण वर्षभर गोडे पाणी साचल्याने पाणकणसाने पात्रे कोंडली, आणि रिशार तोल परिसरात आतड्याच्या बिल्हार्झियाची मोठी साथ उद्भवली. जमिनीचे मोल वाढताच तिच्यावरील जुने हक्कही डळमळू लागले. मॉरिटानियाने १९८३ च्या वटहुकुमाने पारंपरिक धारणपद्धती रद्द केली होती. एप्रिल १९८९ मध्ये नदीकाठी गुराखी व शेतकरी यांच्यात झालेल्या चकमकीतून दोन्ही देशांत भीषण हिंसाचार माजला. हजारो लोकांना देशाबाहेर घालविण्यात आले. राजनैतिक संबंध १९९२ पर्यंत तुटलेले राहिले. संघटना मात्र मोडली नाही. सहकार्याची चौकट भक्कम होती यात शंका नाही. ज्यांच्यावर गावे सोडण्याची पाळी आली, त्यांना तिच्यात स्थान नव्हते.

२००२ च्या जलसनदेने वार्षिक कृत्रिम पुराचे तत्त्व आणि पारंपरिक उपयोग मान्य केले. त्याच सुमारास मनांतालीची वीजनिर्मितीही सुरू झाली, आणि सोडलेल्या पुराची स्पर्धा आता झोतयंत्रांसाठी राखावयाच्या पाण्याशी होऊ लागली. त्रिभुज प्रदेशात, मॉरिटानियाच्या १९९१ मध्ये स्थापन झालेल्या दियाव्लिंग उद्यानात, दरवाजांतून पाणी सोडून पाणथळी पुन्हा भरण्यात आल्या, आणि मासे व पक्षी परतले. वरच्या अंगास, वालोच्या ज्वारीपर्यंत पाणी पोहोचेल की नाही, हे दर वर्षी जलाशयातील साठा पाहून ठरत आले.