ऑर्क जन्मतःच वाईट असतो का? डी अँड डीच्या नऊ चौकोनांची गोष्ट

आजचा भाग गेमवाल्यांसाठी आहेच, पण ज्यांनी आयुष्यात कधी फासे टाकले नाहीत त्यांच्यासाठीही आहे.

इन्स्टाग्रामवर तुम्ही तो नऊ चौकोनांचा तक्ता नक्की पाहिला असेल. वरच्या ओळीत ‘गुड’, मधल्या ओळीत ‘न्यूट्रल’, खाली ‘ईव्हिल’. डावीकडे ‘लॉफुल’, म्हणजे नियम पाळणारे. उजवीकडे ‘केऑटिक’, म्हणजे नियमबियम काही न मानणारे. मग कुणी त्यात सिरियलची पात्रं भरतं, कुणी मित्रांचे फोटो, कुणी चहा पिण्याच्या पद्धती. आपण हसतो, शेअर करतो, पुढे जातो.

हा तक्ता आला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळातून. त्याला अलाइनमेंट म्हणतात. आणि त्याचा इतिहास बघायला लागलं की एक गमतीशीर गोष्ट दिसते. या तक्त्याने पन्नास वर्षांत एकाच प्राण्याला चार-पाच वेगवेगळ्या जागी बसवलंय. तो प्राणी म्हणजे ऑर्क. आज आपण त्या ऑर्कच्या मागे मागे जाणार आहोत.

सुरुवात १९७४ ला. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचं छोटं गाव आहे. तिथून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा हा खेळ बाहेर पडला. दोघेही आधी युद्धाचे खेळ खेळणारे. म्हणजे टेबलावर छोटे सैनिक मांडायचे, फासे टाकायचे आणि लढाया लढायच्या. अशा खेळात पहिला प्रश्न काय असतो? कोण कुणाच्या बाजूने! १९७१ च्या ‘चेनमेल’ या युद्धखेळात जादूचे प्राणी आले, तेव्हा त्यांचीही अशीच वाटणी झाली होती. काही लॉच्या बाजूला, काही केऑसच्या बाजूला, काही मधले.

हे दोन शब्द आले कादंबऱ्यांतून. पॉल अँडरसनच्या ‘थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स’मध्ये माणसांचं जग लॉच्या बाजूचं आणि परीलोक केऑसच्या बाजूचा. मायकल मूरकॉकच्या एल्रिकच्या कथांमध्ये तर लॉ आणि केऑस या विश्वाच्या दोन शक्तीच आहेत. आणि मूरकॉकचं म्हणणं असं, की कुठलीही एक पूर्ण जिंकली तरी वाट लागणार. फक्त केऑस असेल तर सगळं विस्कटेल, फक्त लॉ असेल तर सगळं गोठून जाईल. लक्षात घ्या, इथे ‘चांगलं’ आणि ‘वाईट’ हे शब्द अजून मध्यभागी आलेलेच नाहीत.

१९७४ च्या पुस्तिकेतही तेच. तीन रकाने: लॉ, न्यूट्रॅलिटी, केऑस. खेळाडूने ठरवायचं, आपण कुठल्या बाजूला उभं राहणार. प्रत्येक बाजूची स्वतःची भाषासुद्धा होती! आता सांगा, स्वभावाला कधी भाषा असते का? भाषा असते पक्षाला, टोळीला, सैन्याला. म्हणजे अलाइनमेंट तेव्हा स्वभाव नव्हता, ती बाजू होती.

आणि त्या यादीत आपला ऑर्क कुठे होता माहितीये? दोन रकान्यांत! न्यूट्रॅलिटीमध्येही आणि केऑसमध्येही. माणूस तर तिन्ही रकान्यांत. म्हणजे ऑर्क या बाजूचा असू शकतो किंवा त्या. त्याला थोडीशी का होईना, निवड होती.

मग फेब्रुवारी १९७६ मध्ये गायगॅक्सने ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या कंपनीच्या पत्रिकेत एक लेख लिहिला. खेळाडूंचा गोंधळ होत होता: लॉ म्हणजे चांगलं आणि केऑस म्हणजे वाईट, असंच ना? गायगॅक्स म्हणाला, नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याने आलेख काढला. एका अक्षावर लॉ आणि केऑस, दुसऱ्यावर गुड आणि ईव्हिल. शाळेत आपण एक्स आणि वाय अक्ष काढायचो ना, तसा. आणि त्यावर प्राण्यांची नावं टाकली. १९७८ च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये त्याचे नीट नऊ प्रकार झाले. तुमचा मीम तयार झाला तो इथे.

कल्पना हुशार होती, यात शंका नाही. नियम पाळणारा माणूस क्रूर असू शकतो आणि नियम मोडणारा माणूस दयाळू असू शकतो, हे एका चित्रात दिसलं. पण त्याच वेळी एक मोठा बदल गुपचूप झाला. ‘तू कुणाच्या बाजूने?’ हा प्रश्न जाऊन ‘तू कसा आहेस?’ हा प्रश्न आला. आणि याद्या मात्र जुन्याच पद्धतीने बनत राहिल्या. अख्ख्या जमातीला एक शिक्का.

१९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये ऑर्कपुढे लिहिलं गेलं: लॉफुल ईव्हिल. दोन रकाने गेले, निवड गेली. कुठला ऑर्क, काय केलं त्याने, काही प्रश्न नाही. ऑर्क म्हणजे वाईट.

तुम्ही म्हणाल, अरे खेळच आहे, त्यात काय एवढं? हे म्हणणं अगदी चुकीचं नाही. चार मित्र शनिवारी रात्री जमलेत, तलवार चालवायचीये, प्रत्येक शत्रूसाठी वकील कोण शोधत बसणार? शिक्का असला की खेळ पटकन सुरू होतो. नव्या खेळाडूला आपलं पात्र कसं वागेल हे ठरवायलाही त्याची मदत होते.

पण अडचण खेळातूनच आली. १९७९ च्या ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ या साहसात खेळाडू गुहांमध्ये शिरतात. तिथे वेगवेगळ्या जमाती राहतात. आणि लेखक गायगॅक्सने त्या गुहांमध्ये फक्त लढवय्ये ठेवले नाहीत, बायका आणि न लढणारी पोरंही ठेवली. आता? योद्धे मेले, समोर पोरं उभी आहेत. पुस्तक म्हणतं ही जमात ईव्हिल. तुमच्यात एक पॅलाडिन आहे, म्हणजे धर्मयोद्धा. त्याने वाईट कृत्य केलं तर त्याची शक्ती जाणार. पोराला मारणं हे ईव्हिल नष्ट करणं, की स्वतःच ईव्हिल होणं? या एका प्रश्नावर जगभरच्या टेबलांवर किती भांडणं झाली असतील! ही भांडणं मिटत नव्हती, कारण पुस्तकात दोन उत्तरं होती. जमातीकडे बघितलं तर एक, कृत्याकडे बघितलं तर दुसरं.

ऑर्क हा शब्द ज्याच्यामुळे घरोघरी गेला, त्या टॉल्किनलाही हा प्रश्न सतावत होता. एक अख्खी बोलणारी, विचार करणारी जमात जन्मजात वाईट कशी असेल, यावर त्याने आयुष्याच्या उत्तरार्धात पुन्हा पुन्हा लिहिलं आणि त्याचं एक पक्कं उत्तर कधी ठरलं नाही.

आता काव्यगत न्याय बघा. ज्या खेळाने इतरांना शिक्के दिले, त्यालाच शिक्का बसला. १९८० च्या दशकात अमेरिकेत काही धार्मिक गटांनी आणि काही पालकांनी ओरड सुरू केली, की हा सैतानाचा खेळ आहे. १९८३ मध्ये ‘बॉदर्ड अबाउट डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाची संघटनाच उभी राहिली. टेबलाभोवती बसून नेमकं काय चालतं हे न बघताच खेळणारी पोरं वाईट ठरली. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत कंपनीने ‘डेव्हिल’ आणि ‘डीमन’ हे शब्द काढून त्या जागी वेगळीच नावं घातली.

त्याच काळात कॉम्प्युटर गेममध्ये एकाने वेगळा रस्ता धरला. रिचर्ड गॅरियट. त्याच्या लक्षात आलं, की आपल्या ‘अल्टिमा’ गेममध्ये लोक हिरो म्हणून फिरतात, पण जिंकायला सोपं पडतं म्हणून चोऱ्या करतात, गरिबांना मारतात. मग १९८५ मध्ये त्याने ‘अल्टिमा फोर’ काढला. त्यात शेवटी मारायला कुणी महाखलनायकच नाही! आठ सद्गुण आचरणात आणायचे आणि ‘अवतार’ व्हायचं. हो, आपलाच शब्द. फरक एवढाच, की आपल्याकडे देव खाली येतो, त्याच्याकडे माणूस वागणुकीने वर चढतो.

या गेममध्ये जडीबुटी विकणारी एक आंधळी बाई आहे. पैसे तुम्हीच मोजून द्यायचे. कमी दिलेत तरी ती काही बोलत नाही. पण गेम आतल्या आत नोंद ठेवतो आणि तुमचा प्रामाणिकपणा घटतो. ‘मी चांगला आहे’ असं कागदावर लिहून भागत नाही. त्या गेममध्येही काही राक्षस सरसकट दुष्टच होते, हे खरं. पण निदान खेळाडूला तरी शिक्का नव्हता, हिशोब होता.

परत ऑर्ककडे येऊ. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत तो लॉफुलवरून थेट केऑटिकवर गेला. पण त्याच्यापुढे एक छोटासा शब्द लागला: ‘बऱ्याचदा’. बऱ्याचदा केऑटिक ईव्हिल. काही प्राण्यांपुढे ‘नेहमी’, काहींपुढे ‘सहसा’, ऑर्कपुढे ‘बऱ्याचदा’. त्या एका शब्दात चांगल्या ऑर्कला जागा झाली. २००८ मध्ये नवाचे पाच प्रकार झाले, २०१४ ला परत नऊ आले, आणि ‘बऱ्याचदा’ गायब झालं.

मग २०२० साल. अमेरिकेत वर्णभेदाविरुद्ध आंदोलनं पेटली होती. जून महिन्यात विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने जाहीर केलं, की ऑर्क आणि ड्राउ यांना राक्षसी आणि दुष्ट रंगवण्याची आपली जुनी पद्धत खऱ्या जगातल्या लोकसमूहांना हिणवण्याच्या पद्धतीसारखीच होती, आणि ती आम्ही बदलतोय. २०२४ च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये ऑर्क खेळाडूने निवडायची जमात म्हणून आला, माणसाच्या शेजारी. २०२५ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये त्याची स्वतंत्र नोंदच नाही. ‘पाथफाइंडर’ या दुसऱ्या खेळाने २०२३ मध्ये अलाइनमेंटच काढून टाकलं. त्याऐवजी दोन याद्या: माझं पात्र काय करत राहील आणि काय कधीच करणार नाही.

काही जुने खेळाडू यावर चिडले. त्यांना वाटतं, खेळातली मजा गेली. पण हिशोब करून बघा. १९७४ ला दोन रकान्यांत, १९७७ ला लॉफुल ईव्हिल, २००० ला बऱ्याचदा केऑटिक ईव्हिल, २०१४ ला थेट केऑटिक ईव्हिल, २०२४ ला हिरो. या सगळ्यात ऑर्कने काय केलं? काहीच नाही. तो तिथेच होता. बदलत होते ते लिहिणारे हात.

म्हणून मला वाटतं, नऊ चौकोनांचा तक्ता वाईट नाही. तो एखाद्या कृत्याबद्दल बोलायला मस्त साधन आहे. भानगड तेव्हा होते, जेव्हा आपण माणूस अजून काही बोलायच्या आधीच, नुसत्या आडनावावरून, गावावरून, भाषेवरून त्याचा चौकोन भरून टाकतो. आणि एकदा का तो चौकोन भरला, की त्याच्याशी आपण कसंही वागलो तरी ते आपल्याला बरोबरच वाटायला लागतं. टेबलावर याने एक खेळ बिघडतो. टेबलाबाहेर काय काय बिघडतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

तुमच्या टेबलावर कुणी कधी ऑर्कला वाचवलंय का? वाचवलं असेल तर पुढे काय झालं, तेही कळवा. भेटू पुढच्या भागात.