पैनगंगेवरच्या हद्दीची कुळकथा

शिरड शहापूरहून औंढा, हिंगोली करत वाशीमकडे निघालं की कनेरगाव नाक्याजवळ पैनगंगा लागते. अलीकडे मराठवाडा, पलीकडे विदर्भ. दोन्ही काठांवर तीच काळी माती, तोच कापूस, तीच तूर आणि नदी ओलांडून जुळलेल्या सोयरिकी. मग ही हद्द आली कुठून?

अकबराच्या काळी ती नव्हती. वऱ्हाड सुभा तेव्हा थेट गोदाकाठापर्यंत होता. परभणी जिल्ह्यातलं पाथरी त्याच सुभ्यातलं एक सरकार.

हद्दीचं मूळ १८०३ च्या लढाईत आहे. असई आणि अडगावला मराठी फौजा हरल्या, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि दोनच दिवसांत नागपूरकर भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख इंग्रजांचा दोस्त, हैदराबादचा निजाम याच्याकडे गेला. गाविलगड आणि नरनाळा तेवढे भोसल्यांकडे राहिले. युद्ध थांबवताना ओढलेली पहिली रेघ ही अशी वर्धेवर पडली. १८२२ च्या तहानं ती पक्की केली.

ती रेघ पैनगंगेवर आणली फौजेच्या पगारानं. निजामाच्या खर्चानं आणि इंग्रज अंमलदारांच्या हुकमाखाली चालणाऱ्या हैदराबाद कंटिन्जंटची एक छावणी हिंगोलीत होती. पगार थकले, ईस्ट इंडिया कंपनीनं पैसे पुरवले, कर्ज साचलं. २१ मे १८५३ च्या तहानं त्यापोटी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब कंपनीच्या ताब्यात गेले. १८६० मध्ये ५० लाखांचं कर्ज माफ झालं, धाराशिव आणि रायचूर परत मिळाले; वऱ्हाड मात्र सुटलं नाही. १९०२ मध्ये तर वर्षाला २५ लाखांवर ते कायमच्या पट्ट्यानं दिलं गेलं.

एका मुलखाचे दोन संसार झाले. अलीकडे उर्दू कारभार नि हाली सिक्का, पलीकडे इंग्रजी अंमल नि कलदार रुपया. ७ हाली मोजावेत तेव्हा ६ कलदार मिळत. निजामाच्या संस्थानात माल आणायचा तर करोडगिरी ही जकात भरावी लागे. हैदराबाद मुक्तिसंग्रामात मात्र हीच हद्द कामी आली: पलीकडच्या उमरखेडला लढवय्यांचा तळ होता.

युद्ध थांबवताना ओढलेली रेघ टिकून राहते, हे इतरत्रही दिसतं: काश्मिरात २७ जुलै १९४९ च्या कराची करारानं आखलेली युद्धबंदी रेषा १९७२ मध्ये नियंत्रण रेषा झाली आणि आजही आहे. तात्पुरत्या सोयीच्या रेघा अशाच मुरतात. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर १ नोव्हेंबर १९५६ पासून एकच राज्य आहे, तरी विकासाचा अनुशेष आपण मराठवाडा आणि विदर्भ असा वेगवेगळाच मोजतो.

ही हद्द इथल्या माणसांनी मागितलेली नव्हती; ती तहानं आणि कर्जानं लादली. हिंगोली-वाशीमच्या शाळांत हैदराबाद मुक्तीच्या १९४८ इतक्याच आस्थेनं १८०३ आणि १८५३ ही सालंही शिकवली गेली पाहिजेत.